बायकांच्या डब्याचा अडसर

“डब्बाले आतून आडसर काब्र लावू देतस नही, ते आधी सांगा, रतिलालभाऊ. मंग तुमना खेयनानं बोलू.”

चुडामण सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला नाही. समोर स्टोअरबाबू रतिलाल, रेल्वेशेडच्या साहेबाचा कागद धरून उभा होता. रतिलालचं घराणं मूळचं गुजरातेतलं, पण तीन पिढ्या खानदेशात मुरलेलं. कचेरीच्या कामाला तो पुस्तकी मराठी बोलायचा आणि भूक लागली की अहिराणी.

“मिस्त्री, खेळणं नाही म्हणत त्याला. मॉडेल. देशात आगगाडीला शंभर वर्षं भरली. जळगावला प्रदर्शन आहे. आपल्या छोट्या गाडीचा डबा तिथं काचेच्या पेटीत बसणार. साहेबांनी तुझं नाव घेतलंय.”

“काचना पेटीमा बसो नहीते देव्हारामा बसो. मन्ही आंडेर कशामा बसी, ते सांगा.”

रतिलालनं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मिस्त्रीच्या लेकीचं काय झालं, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. चुडामणचे तिन्ही अर्ज त्यानंच स्वतःच्या हातानं लिहिले होते.

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी उभ्या खानदेशाला माहीत. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी ही दुसरी गाडी, पिंपळदरीहून सुटून नांदवेलला जाणारी. सतरा मैलांना अडीच तास लागायचे. चढ आला की लोक खाली उतरून लघवी करून घेत आणि चालत येऊन पुन्हा चढत. डबे चार. त्यातल्या दोन डब्यांच्या टोकाला फळीची भिंत घालून बायकांचा खण केलेला. त्या खणाला दोन बाजूंना दोन दारं, आणि दाराला कडी फक्त बाहेरून. गार्डाला लावायला-काढायला. आतल्या बाईला दार लावून घ्यायची सोयच नाही. गुरांच्या कोंडवाड्याला असतं तसं.

एरवी हे खपून जायचं. पण आखाजीला खपायचं नाही. आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकींचा सण. झाडाझाडाला झोके, घराघरात गौराई, आणि सासरच्या जाचातून सुटलेली प्रत्येक पोर माहेराकडे तोंड करून. त्याच चार दिवसांत बाप्यांना पत्त्यांची सूट असते. वर्षभर ज्याला घरात कुणी विचारत नाही तोही आखाजीला चार पत्ते हातात घेऊन राजा होतो. मग गाडीत बसायला पसरट जागा कुठं, तर बायकांच्या खणात.

गेल्या आखाजीला चुडामणची लेक कमल नांदवेलहून चार महिन्यांचं पोर घेऊन निघाली. दुसऱ्या स्टेशनावर सहा-सात जण बायकांच्या खणात घुसले. दोन बाकांच्या मध्ये धोतर अंथरलं आणि डाव मांडला. बायका कोपऱ्यात उभ्या. एकाच्या बिडीची राख पोराच्या दुपट्यावर पडली. कमल बोलली, तर म्हणाले, “वहिनी, सण शे, दम खा.” गार्डाला हाक मारली, तर तोही म्हणाला, “सण आहे, सांभाळून घ्या.” पुढच्या थांब्यावर ती खाली उतरली आणि वैशाखाच्या भर उन्हात दोन कोस चालत माहेरी आली. पोराला ऊन बाधलं. आठ दिवस ते फणफणलं होतं. जगलं, ही त्या पोराची हुशारी. गाडीची नव्हे.

कमलचा सासरा जीवराम, तोही सुतारच. त्यानं निरोप धाडला, आणि निरोपात एक शब्द जास्त नव्हता. बायकांच्या दाराला आतून अडसर लागेल तेव्हा सून माहेरी येईल. तोवर येणार नाही.

चुडामणला व्याह्याचा राग आला नाही. तो त्याच्या जागी असता तर त्यानं हेच केलं असतं. राग आला तो कचेरीचा. पावसाळ्यात एक अर्ज, दिवाळीला दुसरा, संक्रांतीला तिसरा. तिन्हींवर तीच ओळ उतरून आली, ‘मूळ नकाशात तरतूद नाही.’ शेडचा नियमच तसा. भिंतीवर चौकटीत जो नकाशा आहे, त्यात असेल तेवढंच डब्याला लावायचं, खिळाही जास्तीचा नाही. कोण कुठला माणूस चाळीस वर्षांपूर्वी विलायतेत बसून कागदावर रेघा मारून गेला. त्याच्या बायकोला कधी नांदवेलच्या गाडीत बसायचं नव्हतं. त्याला अडसर सुचला नाही, म्हणून पिंपळदरीच्या लेकींनी उन्हात चालायचं.

आता फाल्गुन लागला होता. आखाजी दोन महिन्यांवर.

“करस,” चुडामण शेवटी म्हणाला. “नोकर मानूस शे. पन नकाशा पाहिजे. मापबिगर मी करत नही.”

रतिलालनं हमालाला स्टुलावर चढवलं. भिंतीवरची चौकट खाली आली. काचेवर धुराची पुटं इतकी, की आत नकाशा आहे हे वर्षानुवर्षं सगळ्यांनी नुसतं मानलेलं. हमालानं चिंधीनं काच पुसली, आणि तिघंही पाहत राहिले. कागदाचा डावा अर्धा भाग जागेवर होता. इंजिनाकडची बाजू, चाकं, पुरुषांची बाकं. उजवीकडे नुसती वाळवीची माती. बायकांचा खण वाळवीनं पार खाऊन टाकलेला.

चुडामणनं बोटानं ती माती टोकरली. ती भुरभुर खाली पडली आणि मागची भिंत दिसली.

“रतिलालभाऊ, ह्यामा तरतूद नही म्हने?”

रतिलालनं चौकट उचलून उजेडाकडे धरली.

“तीन डाव देखं म्हने साहेबनी. काय देखं? हाई भोक देखं?”

त्या दिवशी चुडामण घरी येऊन जेवला नाही. भाकरी ताटात, आणि हा भिंतीकडे पाहत बसलेला. बायको मंजुळाबाईनं कारण विचारलं. सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं, “मंग आते तो डबा करशी का नही?” तो म्हणाला, करणार. ती म्हणाली, “मंग जेव. उपाशी हातले थरथर सुटस.”

नकाशा नाही म्हटल्यावर चुडामणनं बापाची रीत काढली. त्याचा बाप बैलगाडे करायचा, आणि फूटपट्टी त्यानं जन्मात धरली नव्हती. गाठी मारलेली सुताची दोरी आणि स्वतःचा पंजा. बारा बोटांची वीत, दोन वितींचा हात. चुडामण दोरी घेऊन उभ्या डब्याभोवती दोन दिवस फिरला आणि प्रत्येक वितीला एक बोट धरलं. डबा बत्तीस विती लांब, म्हणून मॉडेल बत्तीस बोटं, हातभर आणि वर आठ बोटं. चाक तीन विती, मॉडेलचं चाक तीन बोटं. साहेब येऊन ती दोरी बघून हसला. “मिस्त्री, प्रदर्शन आहे, बैलबाजार नाही,” म्हणाला. चुडामणनं दोरी कमरेला खोचली.

जुन्या मोडलेल्या बाकाचं सागवान त्यानं घेतलं. चाळीस वर्षं माणसांच्या बुडाखाली घासून ते लोण्यासारखं झालेलं. भिंतीच्या फळ्या त्यानं शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्या जाडीच्या रंधल्या. खिडकीच्या झडपा खाली-वर सरकायच्या. बाकं बसवली. छपराला डांबरी कापड. बाहेरच्या कड्या पितळेच्या तारेच्या, बरोबर जिथं आहेत तिथं. एकेक दार बिजागरीवर फिरलं की त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं की पुन्हा संताप येई. सव्वा महिन्यावर माणसं काचेला नाक लावून हा डबा बघणार, आणि खऱ्या डब्याकडे बघायला कुणी नाही.

रंगवायचं काम मंजुळाबाईचं. पिंपळदरीत पोळ्याचे लाकडी बैल चुडामण करायचा आणि ती रंगवायची, शिंगं, झूल, कपाळावरचा नाम, सगळं. तिच्या हातचा बैल लोक पोळा झाल्यावरही फेकत नसत. तिनं गेरू कपड्यातून चाळून जवसाच्या तेलात घोटला. एक हात दिला, सावलीत वाळवला, काचकागद फिरवला, दुसरा हात दिला. तिसऱ्या हाताला रंग असा चढला की डबा ओला वाटावा. बकरीच्या केसांच्या बारीक कुंचलीनं खिडक्यांच्या कडेनं पिवळी रेघ ओढली. बायकांच्या दारावर डोक्यावरून पदर घेतलेली एक नथवाली बाई काढली, अंगठ्याच्या नखाएवढी. खऱ्या डब्यावर ती बाई होती, पण बाहेर पायरीवर बसून दाराला पाठ टेकणाऱ्या बाप्यांनी तिचा चेहरा केव्हाच पुसला होता.

दार आतून रंगवताना मंजुळाबाई थांबली.

“कमलना बाप, हाई काय करी ठेयं?”

चुडामणनं वाकून पाहिलं. बायकांच्या खणाच्या दोन्ही दारांना आतून दोन-दोन कान, आणि कानांत काडेपेटीच्या काडीएवढा अडसर.

तो स्वतःच चकित झाला. आपण हे केव्हा केलं, आठवेना. सुताराचा हात तो. दार केलं की चौकट, चौकट केली की बिजागरी, आणि बिजागरी बसली की आतून अडसर. बापाकडे शिकताना पहिल्या वर्षी हेच शिकलेलं. आतून बंद होत नाही ते दार नव्हे, झाकण.

“हात करी गया,” तो म्हणाला.

“खरा डब्बाले ते नही शे. काढी टाकू का?”

दोन बोटांनी चुडामणनं तो अडसर उचलला, परत घातला. दार ढकलून पाहिलं. हललं नाही.

“ऱ्हाऊ दे. पिवळा रंग दे त्याले. बठ्ठासले दिसाले पाहिजे.”

साहेबाला डबा पसंत पडला. त्यानं चारी बाजूंनी बघितला, अडसरही बघितला, आणि “छान, बारीकसारीकही सोडलं नाही,” म्हणाला. बायकांच्या खणात खरोखर काय आहे नि काय नाही, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो त्यात कधी गेला नव्हता, आणि तिन्ही अर्ज त्यानं न वाचताच परत धाडले होते.

आता मॉडेलशेजारी टांगायला नकाशा हवा. वाळवी लागलेला कसा टांगणार? जळगावहून गिरधर नावाचा नकाशे काढणारा आला. त्यानं खऱ्या डब्याखाली वाकून कपडे मळवण्याऐवजी मॉडेलच टेबलावर घेतलं, प्रत्येक वस्तू मोजली आणि बारानं गुणली. चुडामणनं वितीला बोट धरलेलं, त्यामुळे हिशेब चोख बसला. गिरधर हुशार पोरगा. त्यानं दोन्ही दारांचे अडसरही काढले, बाजूला मापासकट. साहेबानं खाली सही ठोकली.

जळगावला मांडव मोठा होता. चुडामणला नवी टोपी देऊन पेटीशेजारी उभं केलं, धूळ पुसायला. तोंड उघडायचं नाही, असं बजावलेलं. दोन दिवस त्यानं उघडलं नाही. असोद्याचे केळीवाले शेतकरी आले, वाकून बघून म्हणाले, “पोयाना बैल जुपा रे याले.” तो हसला. तिसऱ्या दिवशी साहेब चार पाहुणे घेऊन आला. त्यांत सुमनबाई नावाच्या शाळेच्या मास्तरीण होत्या. साहेबानं काच उचलून दार उघडून दाखवलं.

“हा अडसर बघा. आमच्या गाडीत स्त्रियांच्या सोयीकडे विशेष लक्ष दिलं जातं.”

“खऱ्या डब्यालाही आहे?” सुमनबाईंनी विचारलं.

“अर्थात.”

चुडामणच्या डोळ्यांपुढं कमल आली, पायाला फोड आलेली, पोराच्या डोक्यावर पदराची ओली घडी धरलेली.

“नही शे, बाई,” तो म्हणाला.

पाहुणे वळले. साहेब हसला. “मिस्त्री शेडमधला आहे. त्याला नव्या डब्यांची माहिती नाही.”

“नवा डबा कोनता, साहेब? चार डबा शेतस. चारी मीच दुरुस्त करस. एकले बी आतून आडसर नही.”

सुमनबाईंनी एकदा साहेबाकडे आणि एकदा चुडामणकडे पाहिलं. मग चष्मा सावरून त्या नकाशाच्या खालची ओळ मोठ्यानं वाचू लागल्या. “‘हा नकाशा प्रत्यक्ष डब्याबरहुकूम असे.’ आणि सही तुमचीच दिसते, साहेब. मग असायलाच हवा.”

पाहुणे पुढं सरकले. मांडवामागं नेऊन साहेबानं चुडामणला झाडलं. पुन्हा तोंड उघडलंस तर कुठं धाडीन पत्ता लागणार नाही, वगैरे. चुडामण ऐकत होता असं नाही. अक्षर जुळवून वाचण्याइतपत त्याला येत होतं, पण एवढी लांब ओळ त्यानं आजवर वाचली नव्हती. ती आता त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी बसत होती.

प्रदर्शनात साहेबाला ढाल मिळाली. मॉडेल त्याच्या टेबलावर गेलं. दुसऱ्या दिवशी चुडामणनं दारातून पाहिलं, तर मॉडेलच्या दोन्ही दारांचे पिवळे अडसर उपटलेले. कान तेवढे शिल्लक. एवढा मोठा माणूस, आणि काडीएवढ्या लाकडाशी भांडत होता.

पण नकाशा चौकटीत घालून, त्याच जुन्या खिळ्यावर, शेडच्या भिंतीला लागला होता. नियमच तसा.

चुडामण रतिलालच्या खिडकीशी गेला. “सागनी फळी द्या. दोन डबा, चार दारं, चार आडसर. आठ कान लोखंडना.”

“कशाला?”

“नकाशामा शे.”

रतिलाल उठून भिंतीपाशी गेला. बोट ठेवून त्यानं रेघ पाहिली, माप पाहिलं, सही पाहिली. या माणसानं तीनदा ‘तरतूद नाही’ अशी ओळ स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली होती. तो परत आला, चावी काढली आणि म्हणाला, “नकाशात आहे म्हणजे द्यावंच लागतं.” आणि मग, कचेरीची वेळ असून, अहिराणीत म्हणाला, “चांगली फळी ली जाय. ती वाकडी नको लेऊ.”

साहेबाला कळायला दुपार लागली. तो तरातरा शेडमध्ये आला तेव्हा चुडामण दुसऱ्या दाराला सामत्यानं भोकं पाडत होता.

“कुणाच्या हुकमानं चाललंय हे?”

चुडामणनं हातातल्या सामत्यानं भिंतीकडे दाखवलं.

“ते प्रदर्शनापुरतं होतं.”

“मंग तसं लिखी द्या.”

“काय लिहून देऊ?”

“का जयगावले लोकेसले दखाडेल नकाशा खोटा व्हता. सही खोटी व्हती. लिखी द्या, लगेच काढी टाकस.”

शेडमधली हातोडीची ठकठक थांबली होती. फिटर, हमाल, इंजिन पुसणारे, सगळे आपापल्या जागेवरून बघत होते. साहेबानं घड्याळ काढून पाहिलं, जणू घड्याळात उत्तर होतं, आणि निघून गेला. जाताना रतिलालला म्हणाला, कान नीट बसवायला सांग, कुणाला लागायला नको.

आखाजीला दोन दिवस उरले तेव्हा चारी अडसर बसले होते. मंजुळाबाईनं शेडमध्ये येऊन दारांवरच्या पुसलेल्या बायका पुन्हा काढल्या, नथीसकट. चुडामणनं गार्डाबरोबर व्याह्याला निरोप धाडला. गार्डानं जीवरामचं उत्तर आणलं. एकच शब्द, “देखसू.”

आखाजीच्या आदल्या दिवशी अकराची गाडी यायची होती, ती पावणेबाराला आली. चुडामण आणि मंजुळाबाई फलाटावर उभी. बायकांच्या खणाच्या बाहेर पायरीवर चौघं जण लोंबकळत होते. अंगभर धूळ, खिशातून पत्त्यांचे कोपरे बाहेर आलेले. एकानं उतरता उतरता दारावर शेवटची बुक्की मारली. दार हललं नाही. “मरेल शे का आत कोनी,” असं काहीबाही पुटपुटत तो निघून गेला.

मग आतून लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. टोपल्या, गाठोडी, पोरं, बाया. पंधरा तरी असतील, सगळ्या बसून आलेल्या. शेवटी कमल, पोर कडेवर.

पुढच्या डब्यातून जीवराम उतरला. तो सुनेशी बोलला नाही, चुडामणशीही नाही. आधी चढून बायकांच्या खणात गेला, अडसर हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, कान हलवून पाहिले, फळीवर नख ओढलं. मग खाली उतरला.

“सागवान शे,” तो म्हणाला. “राम राम, व्याही.”

“राम राम.”

कमलनं पोर बापाकडे दिलं. सव्वा वर्षाचं झालं होतं ते, आणि अंगानं चांगलं भरलं होतं. चुडामणनं त्याला धरलं, पण त्याची नजर लेकीच्या पायांकडे होती. पायात वहाणा, आणि वहाणांवर धूळ नव्हती.

“आबा,” कमल म्हणाली, “आडसर जड शे. पोर कडेवर ऱ्हायनं का एक हातनी उचलास नही. जरासा तासी दे.”

चुडामणनं पोर मंजुळाबाईच्या हवाली केलं, डब्यात चढून दोन्ही अडसर काढले आणि काखेत मारले. गाडी परत फिरायला पाऊण तास होता. शेडमध्ये जाऊन त्यानं पहिला अडसर लाकूड धरायच्या शेगड्यात आवळला, रंध्याच्या पात्यावर अंगठा फिरवला, आणि छिलपे पडू लागले.